लंडनात नसल्याचा दाखला

साम्राज्यं रणांगणावर लयाला जात नाहीत, ती कागदावर जातात. ज्या विलायतेनं दीडशे वर्षं आपल्याला "तुम्ही आमचे" म्हणून बजावलं, त्या विलायतेला देवरी तालुक्यातल्या सालईटोल्याच्या बावीस बायांनी चौदा दिवसांच्या आत लेखी कळवलं, की आम्ही तुमच्या नाही, नव्हतो आणि होणारही नाही. इतकं बाणेदार निवेदन स्वातंत्र्याच्या लढ्यातही कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. विलायतेची अर्थात काहीच हरकत नव्हती. तिकडून एवढंच कळवण्यात आलं, की सोबत विजेचं बिल जोडावं.

झालं ते असं.

सालईटोल्याच्या जंगलात माहुलाचा वेल आहे. त्याचं पान दोन तळहातांएवढं, मधोमध चिरल्यासारखं आणि चामड्यासारखं चिवट. चार पानं बांबूच्या काडीनं टाचली की पत्रावळ होते. वर्षानुवर्षं या पत्रावळी देवरीच्या ठेकेदाराकडे जात. ठेकेदार एकेक पत्रावळ उजेडात धरायचा आणि फाटकी ठरवायचा. फाटकी ठरवलेली तो मोजायचा नाही, पण परतही द्यायचा नाही. या कलेत त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता.

बचत गटाच्या अध्यक्ष दुर्पताबाई उईके यांनी एके दिवशी त्याच्या दुकानातून गठ्ठा उचलला, डोक्यावर घेतला आणि पुन्हा इथं पाय ठेवणार नाही असं सांगून त्या निघाल्या. बोलून तर बसल्या, पण पत्रावळी विकायच्या कुठं? तोडगा सून खुशबूनं काढला. ती गोंदियाहून बी. कॉम. होऊन आलेली. तिनं मोबाइलवरच्या एका जागतिक बाजारात गटाचं दुकान उघडलं. विलायतेत म्हणे लोक पानावर जेवण्याला पर्यावरण म्हणतात आणि त्यासाठी खुशीनं पैसे मोजतात. पंचवीस पत्रावळींचं एक पाकीट देवरीच्या पोस्टातून निघायचं आणि पंधरा-वीस दिवसांत कुठल्याशा मॅडमच्या दारात जाऊन पडायचं. आठ महिन्यांत दुकानाला पाचपैकी साडेचार तारे मिळाले. अर्धा तारा एका बाईनं कापला होता, कारण तिच्या कुत्र्यानं पत्रावळ खाल्ली होती.

गडबड झाली होती ती पहिल्याच दिवशी, दुकानाचा अर्ज भरताना.

आमच्याकडे लग्नपत्रिकेत नावं छापायची एक रीत आहे. खर्च कोण करतो याला महत्त्व नाही. नातलगांत जो सगळ्यात लांब राहतो त्याचं नाव सगळ्यात वर, गावासकट. नागपूरचा काका भिलाईच्या जावयाच्या डोक्यावर बसतो आणि पुण्याचा भाचा त्या दोघांच्याही. मुलीचा बाप पत्रिकेच्या तळाशी, छापखान्याच्या नावाच्या जरासा वर सापडतो. अर्जात "मुख्य व्यक्ती आणि पत्ता" असा रकाना आला, तेव्हा दुर्पताबाईंचे यजमान धनीराम पुढे सरसावले. धनीराम वनखात्यातून निवृत्त झालेले नाकेदार. उभा जन्म जंगलात येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव-गाव वहीत लिहिण्यात गेलेला, त्यामुळे नाव कुणाचं लिहावं यावर त्यांचा शब्द शेवटचा. त्यांची भाची रुची दोन वर्षांपासून लंडनच्या एका दवाखान्यात नर्स होती. मग वर नाव कुणाचं जाणार? रुची मडावी, लंडन. खाली, दुसऱ्या रकान्यात, सालईटोला.

रुचीची आई सावित्रीबाई, म्हणजे धनीरामची थोरली बहीण, गावातच दिलेली आणि गटातच पत्रावळी टाचणारी. तिनं ते पान मोबाइलवर सगळ्या टोल्याला, म्हणजे वस्तीला, दाखवलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दोनदा दाखवलं.

धानाची कापणी सुरू झाली होती, त्या दिवसांत एका गुरुवारी बाजाराचा निरोप आला. सालईटोल्यात मोबाइलला रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीजवळच्या आंब्याखाली, म्हणून गटाची बैठकही तिथंच भरते. खुशबूनं निरोप आधी मनात वाचला, मग मोठ्यानं. आपली मुख्य व्यक्ती व पत्ता लंडनचा दिसतो, सबब आपण तिथंच स्थायिक असलेले विक्रेते आहात असं आम्ही धरतो. तसं असेल तर तिथल्या विक्रीकराचा आपला नोंदणी क्रमांक कळवा. तसं नसेल तर नसल्याचं सिद्ध करा. मुदत चौदा दिवस. तोवर दुकान बंद राहील आणि मुदतीनंतर कायमचं.

धनीरामनी मिशीवरून हात फिरवला. आपली कंपनी त्यांना लंडनचीच वाटली, हे काही लहानसहान नाही, असं त्यांचं मत पडलं.

"दुकान बंद झालं का नाही?" दुर्पताबाईंनी सुनेला विचारलं.

"झालं, मामी." सासूला मामी म्हणायची इकडची रीत आहे.

"मंग तुमची छाती कायले फुगून राहिली जी?" हे यजमानांना.

संध्याकाळपर्यंत बातमी देवरीला पोचली. ठेकेदारानं भाजीवाल्याच्या हाती निरोप धाडला, की झालं गेलं विसरून जाऊ, गठ्ठे घेऊन या, काटा मोकळाच आहे. दुर्पताबाईंनी त्याच भाजीवाल्याच्या हाती उलट निरोप दिला, की काटा मोकळा असेल तर त्यावर तूच बस. आता मात्र मागे फिरायची वाटच उरली नाही. घरोघरी मिळून सहाशे पाकिटं तयार पडली होती. दुकान उघडलं नाही, तर ती डोक्यावर घेऊन याच माणसाच्या दारात उभं राहायचं होतं, आणि तो एकेक पत्रावळ उजेडात धरणार होता.

दुसऱ्या दिवशी सासू-सून बसनं गोंदियाला गेल्या. वीरेंद्रभाऊ म्हणून एक कर सल्लागार खुशबूच्या मैत्रिणीच्या ओळखीचे होते. सारी हयात त्यांनी राईस मिलवाल्यांचे कागद भरण्यात घालवलेली. लंडन हे नाव एखाद्या राईस मिलचं असावं अशा समजुतीनं त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं. मग निरोप स्वतः वाचला, चष्मा काढला आणि चहा सांगितला.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. विलायतेबाहेरचा माणूस तिथं माल विकत असेल, तर लहान पाकिटांवरचा कर बाजारच गिऱ्हाइकाकडून कापून घेतो आणि तिथल्या सरकारात भरतो. विक्रेत्याच्या डोक्याला ताप नाही. पण विक्रेता तिथलाच असेल, तर बाजार हात वर करतो. तू जाण आणि तुझं सरकार जाणे. आता तुमच्या नावावर लंडन, म्हणून बाजाराला शंका, की हे तिथलेच असून परदेशी असल्याचं सोंग करतात.

"देखो माताजी, सीधी बात आहे," वीरेंद्रभाऊ म्हणाले. "तुम्ही परदेशी आहात एवढं साबित करा, बस."

"आमी काऊन परदेशी?" दुर्पताबाईंनी कप खाली ठेवला. "आमी त इथंच आहो."

"उनके हिसाब से."

"सात पिढ्या सालईटोल्यात गेल्या आमच्या. त्याईच्या हिशोबानं आमी कायले राहाव?"

वीरेंद्रभाऊंनी बरीच समजूत घातली. परदेशी असण्यात कमीपणा नाही, इथं बसल्या बसल्या माणूस परदेशी होतो आणि त्याला विमानाचं तिकीटही लागत नाही, असं पटवून दिलं. शेवटी हळूच एक जवळची वाटही सुचवली. हे दुकान जाऊ द्यावं, सहा महिने थांबून दुसऱ्या नावानं नवं काढावं. बहुतेक जण तेच करतात. दुर्पताबाईंनी विचारलं, की आपण खोटं काही केलं आहे का? नाही म्हणाले. मग नाव काऊन बदलायचं? वीरेंद्रभाऊंनी तो विषय सोडून दिला. चहाचे पैसे मात्र त्यांनी देऊ दिले नाहीत.

तर परदेशी असल्याचा पुरावा. बाजारानं पहिल्यांदा मागितलं विजेचं बिल. बिल होतं, पण कवडू उईके यांच्या नावाचं. कवडू म्हणजे धनीरामचे वडील, त्यांना जाऊन अकरा वर्षं झालेली. आमच्याकडे माणूस मरतो, मीटर मरत नाही. नाव बदलायला गेलं तर तीन चकरा आणि पाच कागद लागतात, आणि म्हाताऱ्याचं नाव घरात तेवढंच कुठंतरी छापील उरलेलं असतं, म्हणून कोणी त्याच्या वाटेला जात नाही. बिल पाठवलं. तीन दिवसांनी बाजाराचं अत्यंत नम्र उत्तर आलं, की श्री. कवडू यांनी स्वतः मूळ ओळखपत्रासह व्हिडिओ कॉलवर उपस्थित राहावं.

धनीरामनी ते उत्तर पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, बाबाला बोलावण्याइतका मान आजवर कोणत्या हपिसानं दिला नव्हता.

दुर्पताबाईंनी कवडूंच्या मृत्यूचा दाखला पाठवायला लावला आणि उत्तराची वाट न पाहता ग्रामपंचायत गाठली. ग्रामसेवक शालीकराम यांच्यापाशी त्यांनी साधी मागणी ठेवली, की आम्ही बावीस बाया इथं राहतो आणि लंडनात राहत नाही, असा दाखला द्या. शालीकराम कपाटातले नमुने काढून बसले. रहिवासी असल्याचा नमुना होता, विधवा असल्याचा होता, घरी संडास असल्याचा होता. एखाद्या ठिकाणी नसल्याचा नमुना वरून आलेलाच नव्हता. नमुना नाही तर दाखला नाही.

"नसन त बनवा," दुर्पताबाई म्हणाल्या आणि ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसल्या. घोषणा नाही, उपोषण नाही. पानांचा भारा सोबत आणला होता, तो सोडून पत्रावळी टाचायला सुरुवात केली. दुपारी आणखी पाच जणी आल्या. दुसऱ्या दिवशी धानकापणीतून सुटलेल्या अकरा जणी बसल्या. पायरी भरली, मग ओसरी भरली, मग पत्रावळींच्या चळती शालीकरामांच्या टेबलापर्यंत पोचल्या. त्यांना खुर्चीवर जायला वाट राहिना, आणि बाया तर इतक्या आदरानं बाजूला सरकत, की तक्रार करायचीही सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तो दाखला मी वाचला आहे. "सदर गटातील सर्व महिला मौजा सालईटोला येथील कायम रहिवासी असून, माझ्या माहितीप्रमाणे त्यांपैकी कोणीही लंडन येथे राहत नाही. लंडन हे या ग्रामपंचायतीच्या हद्दीबाहेर असल्याने तेथे समक्ष जाऊन चौकशी करता आलेली नाही." खाली सही, गोल शिक्का, जावक क्रमांक.

खुशबूनं त्याचं इंग्रजी करून पाठवलं. बाजारानं कवडूंना हजेरीतून सूट दिली, दाखल्याबद्दल आभार मानले आणि कळवलं, की राहता कुठं हे समजलं, पण धंद्याचे निर्णय कुठं होतात आणि कोण घेतं हे समजलं नाही. अर्जावर मुख्य म्हणून लंडनची व्यक्ती आहे. तरी ते निर्णय कसे होतात हे आमची अधिकारी मंगळवारी व्हिडिओ कॉलवर पाहील.

मंगळवार म्हणजे बारावा दिवस. कोणीही सुटकेचा निःश्वास सोडला असता. दुर्पताबाईंनी मंगळवार नाकारला.

"मंगळवारी आमी काही ठरवत नाही," त्यांनी खुशबूला लिहायला सांगितलं. "आमी गुरुवारी ठरवतो. निर्णय पाहाचा असन त गुरुवारी पाहा म्हना."

गुरुवार म्हणजे चौदावा दिवस, मुदतीचा शेवटचा. खुशबूनं हात जोडून पाहिले. धनीराम म्हणाले, एक दिवस मंगळवारी ठरवल्यानं कोणाचं काय बिघडते? दुर्पताबाईंचं उत्तर असं, की मंगळवारी जे दाखवू ते नाटक होईल, आणि आपल्यातल्या कोणाला नाटक येत नाही. बाजारानं गुरुवार मान्य केला.

गुरुवारी दुपारी बाया आंब्याखाली येऊन बघतात तो तिथं एक गोल फिरणारी खुर्ची, शाळेतला जगाचा नकाशा आणि कोट घातलेले धनीराम. दुर्पताबाईंनी खुर्ची एकदा गोल फिरवून पाहिली.

"आपल्याले लंडनात नाही असं दाखवाचं हाये," त्या म्हणाल्या, "आन तुमी लंडन मांडून राहिले."

खुर्ची परत गेली, नकाशा गुंडाळला गेला. कोट मात्र धनीरामनी काढला नाही, आणि त्यांना कडेला, कॅमेऱ्यात येणार नाहीत असं बसवण्यात आलं.

तीन वाजता फोन लागला. पडद्यावर आलेली बाई लंडनची नव्हती, पोलंडची निघाली. नाव मार्ता. ती प्रश्न विचारी, खुशबू मराठीत सांगे, बाया उत्तर देत आणि खुशबू ते इंग्रजीत नेई. पानं कोण आणतं? आम्ही. भाव कोण ठरवतं? आम्ही. ऑर्डर आली नाही तर काय करता? आम्ही जगतो, असं एकीनं सांगितलं, ते खुशबूनं नेलं नाही. मार्ता भराभर लिहून घेत होती. मग तिनं मान वर केली आणि विचारलं, की रुची मडावी या धंद्यात काय ठरवतात?

सगळ्यांच्या नजरा सावित्रीबाईकडे जायला निघाल्या आणि वाटेतच पानांवर थांबल्या. मुलीचं नाव वर आहे, या एका गोष्टीवर ती बाई आठ महिने ताठ चालत होती. रुची काहीच ठरवत नाही, हे खरं होतं आणि दुकान वाचवायला तेवढंच सांगायचं होतं. पण आईसमोर ते कोणी सांगावं? कडेला बसलेले धनीराम पुटपुटले, की म्हणून टाका सल्लागार आहे, तेवढाच मान राहतो. तेवढाच मान म्हणजे लंडनचा कर.

दुर्पताबाईंना एकटीला उत्तर देता आलं असतं. दिलं नाही. गटात मोठी गोष्ट ठरवायची असली की हात वर करत नाहीत. प्रत्येक बाई आपल्यापुढे एक पान ठेवते. चकचकीत बाजू वर असली तर हो, खरबरीत बाजू वर असली तर नाही. हात वर केला की शेजारणीचा दिसतो आणि लाजेनं आपलाही वर जातो. पान मात्र खाली मान घालून ठेवता येतं.

"रुचीचं नाव वरून काढाचं का नाही, ते आज ठरवू," त्या म्हणाल्या. "बाई, आधी तुमी बोला. तुमचा मान, तुमची लेक."

सावित्रीबाईनं हातातलं पान दोनदा उलटं-सुलटं केलं.

"तिचं नाव वर होतं त मले बरं वाटे," ती म्हणाली. "खोटं कायले सांगू. आठ महिने बरं वाटलं." मग ती खुशबूच्या हातातल्या फोनकडे वळली आणि थेट मार्ताशी मराठीत बोलू लागली. "पन मॅडम, ते पोरगी तिथून रोज मले फोन करते. आई, वरनात मीठ किती टाकू? आई, भात चिकट झाला, आता काय करू? दोन वर्सं झाले, अजून तिले घरचं मीठ ठरवता येत नाही. ते आमचं दुकान काय ठरवन?"

तिनं पान खाली ठेवलं, चकचकीत बाजू वर.

खुशबूनं सगळं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, मिठासकट. मार्तानं लिहायचं थांबवलं आणि खाली काय ठेवलंत ते दाखवा म्हणाली. खुशबूनं फोन फिरवला. बावीस जणींपुढे बावीस पानं, एकवीस चकचकीत. एक खरबरीत होतं, ते शामकलाचं. ती गेल्या तीन वर्षांत प्रत्येक ठरावाला नाही म्हणत आली आहे, आणि विचारलं तर सांगते, की कोणीतरी पाहिजे. मार्तानं पानं स्वतः मोजली. हे असं दर वेळी होतं का, विचारलं. दर गुरुवारी, असं उत्तर गेलं. तिनं आणखी एक ओळ लिहिली, आभार मानले आणि पडदा काळा झाला.

तिनं काय लिहिलं ते कळायला आठवडा गेला. तो कसा गेला ते सहाशे पाकिटांना ठाऊक. ठेकेदाराचा भाजीवाला दोनदा आला, दोन्ही वेळा भाजी न विकता परतला. दुर्पताबाईंनी या आठवड्यात कोणाला पत्रावळी टाचणं थांबवू दिलं नाही. दुकान असो की नसो, वेलाला ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढच्या गुरुवारी सगळ्या जमलेल्या असतानाच उत्तर उतरलं. खुशबूनं उभं राहून वाचलं. सदर विक्रेत्याच्या धंद्याचे सर्व निर्णय सालईटोला, जिल्हा गोंदिया येथे, तेथील सदस्यांकडून प्रत्यक्ष घेतले जात असल्याची आमची खात्री झाली आहे. सबब सदर विक्रेता परदेशी असल्याचं मान्य करण्यात येत आहे. कर आम्ही कापून भरू. दुकान आजपासून उघडं. मुख्य व्यक्तीच्या रकान्यात आता गटाचं नाव होतं, आणि खाली एकशे चाळीस पाकिटांची मागणी वाट पाहत उभी होती, सोमवारच्या आत पोस्टात टाकायची.

सावित्रीबाईनं लंडनला फोन लावून लेकीला कळवलं, की तुझं नाव गेलं आणि दुकान आलं. बाया एकमेकींकडे पाहून हसत होत्या, आणि एवढ्या मोठ्या प्रसंगी कोणीतरी दोन शब्द बोलायला हवेत हे धनीरामना जाणवलं. कोट अंगावर होताच. मागच्या ओळीतल्यांनाही दिसावं म्हणून ते एका उंचवट्यावर चढले, घसा साफ केला आणि म्हणाले, की भगिनींनो, आज विलायतेनं लेखी कबूल केलं आहे, की सालईटोला हा त्यांच्या हाताबाहेरचा मुलूख आहे.

दुर्पताबाईंनी वर पाहिलं.

"भाषन करा जी," त्या म्हणाल्या, "पन त्या गठ्ठ्यावरून उतरून करा. खाली पानं चिरून राहिली."